बँजोशेजारी टिकेल अशी गिटार कशी पारखावी

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. तुम्ही नॉर्थ कॅरोलायनात रॅलेजवळ राहता, चार वर्षे फ्लॅटपिकिंग, म्हणजे पिक नावाची छोटी चकती बोटांत धरून गिटार वाजवण्याची पद्धत, शिकत आहात आणि गेले वर्षभर दर शनिवारी ब्लूग्रास या जलद लयीच्या अमेरिकी लोकसंगीताच्या जॅमला, म्हणजे जमून एकत्र वाजवण्याच्या बैठकीला, जाता. आता बरीच वर्षे साथ देईल अशी एक चांगली गिटार घ्यायची आहे आणि त्यासाठी चार हजार डॉलरपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. एकाच दुकानात तुम्ही तीन मार्टिन गिटार वाजवून पाहिल्या: नवी डी-१८, साधारण दहा वर्षे वापरलेली एचडी-२८ आणि १९७०च्या दशकातली एक डी-२८. त्यांत एचडी-२८चा आवाज सर्वांत भरदार वाटला. म्हणून तुम्ही विचारता की एचडी-२८सारखी शिसवीची गिटार डी-१८सारख्या महोगनीच्या गिटारपेक्षा सरस समजायची का, आणि जुनेपणामुळे डी-२८ला अधिक मोल द्यायचे का.

व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ भागात मी वीस वर्षे राहतो आहे. जॅममध्ये मी मुख्यतः रिदम वाजवतो आणि घरामागच्या छोट्या कार्यशाळेत गिटार दुरुस्त करतो. या दोन्ही कामांतून माझे मत असे झाले आहे की तुमचा खरा प्रश्न लाकडाचा नाहीच. दुकानातल्या शांत खोलीत, स्वतःच्या मांडीवर ठेवून ऐकलेली गिटार आणि बँजो, मँडोलिन, फिडल व उभा बास यांच्या मध्ये उभे राहून वाजवलेली तीच गिटार या दोन गोष्टींत फार अंतर असते. ब्लूग्राससाठी गिटार पारखायची म्हणजे हे अंतर दुकानात बसूनच ओळखायला शिकायचे.

ब्लूग्रासमध्ये गिटारकडे काम कोणते असते, ते आधी स्पष्ट करतो. या संगीताच्या पारंपरिक मांडणीत ड्रम नसतो. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो, मँडोलिन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर कोरडा, आखूड ठोका देते आणि या दोघांना जोडून ठेवण्याची जबाबदारी गिटारवर येते. गिटारवादक आधी खर्जाच्या तारेवर एक स्वर वाजवतो, मग बाकीच्या तारांवरून पिक फिरवतो, आणि गाण्याची ओळ संपली की एखादी छोटी धाव घेऊन पुढच्या ओळीला वाट करून देतो. १९४५ ते १९४८ या काळात ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या ब्लू ग्रास बॉइज या वाद्यवृंदात लेस्टर फ्लॅट गिटार वाजवत आणि अर्ल स्क्रग्ज बँजो. फ्लॅटच्या हातातली 'जी' (G) स्वरातली ती धाव, जिला सगळे 'जी रन' म्हणतात, आजही प्रत्येक जॅममध्ये रात्रीतून पन्नास वेळा ऐकू येते. पुढे डॉक वॉटसन आणि क्लॅरेन्स व्हाइट यांच्यासारख्या वादकांनी फिडलच्या चाली पिकने एकेक स्वर काढून वाजवल्या आणि गिटारला एकल वादनाचे स्थान मिळवून दिले. तेव्हापासून ब्लूग्रासच्या गिटारकडून दोन कामांची अपेक्षा असते आणि ती दोन्ही तिला वाद्यवृंदातले सर्वांत हळू आवाजाचे वाद्य असूनही करायची असतात. बँजोवर ताणलेला पडदा असतो आणि त्याखाली धातूची कडी असते; गिटारजवळ केवळ पातळ लाकडाची फळी असते.

येथे आपल्या मराठी कानाविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण मी स्वतः सुरुवातीची काही वर्षे तिच्यामुळे चुकीच्या गिटार निवडत होतो. आपल्यापैकी अनेकांचे कान तंबोऱ्यावर तयार झालेले असतात. मिरजेच्या कारागिराने जवारी नीट लावलेला तंबोरा छेडला की एका स्वरातून दहा स्वर उमलतात आणि आस लांबवर टिकते. चांगल्या वाद्याची आपली कल्पना तिथेच पक्की होते. म्हणून दुकानात एखादी गिटार छेडल्याबरोबर खर्ज घुमला आणि आस रेंगाळली की आपण भारावून जातो. मात्र जलद लयीत, दर मात्रेला स्वर बदलत असताना, मागच्या स्वराची रेंगाळलेली आस पुढच्या स्वरावर चढते आणि सगळे मिळून एक गढूळ घुमारा तयार होतो. बास आधीच खालचा भाग व्यापून असतो, त्यामुळे गिटारचा तो भरदार खर्ज कोणाला वेगळा ऐकूही येत नाही. तुम्हाला एचडी-२८ भरदार वाटली, यात तुमच्या कानाची चूक नाही. ती गिटार तशी आहेच. प्रश्न इतकाच आहे की तो भरदारपणा तुमच्या जॅममध्ये उपयोगी पडेल की आड येईल.

हा भरदारपणा येतो कोठून, हे समजण्यासाठी थोडा इतिहास लागतो. पेन्सिल्व्हेनियातील नाझरेथ येथील मार्टिन कंपनीने ड्रेडनॉट हा मोठ्या कमरेचा आकार १९१६ मध्ये बोस्टनच्या ऑलिव्हर डिट्सन कंपनीसाठी प्रथम बनवला, १९३१ पासून तो स्वतःच्या नावाने बाजारात आणला आणि १९३४ मध्ये त्याला चौदाव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) जोडलेली मान दिली. डी-१८ आणि डी-२८ या दोन गिटार तेव्हापासून आजतागायत ब्लूग्रासचा मापदंड राहिल्या आहेत. वरच्या फळीच्या आतून इंग्रजी एक्सच्या आकारात पट्ट्या चिकटवलेल्या असतात. १९४४ पर्यंत या पट्ट्या मधूनमधून कोरून पातळ केल्या जात, त्यामुळे फळी मोकळेपणाने हलत असे आणि खर्ज खोल मिळत असे. लोक जाड तारा लावू लागल्यावर कंपनीने पट्ट्या सरळ आणि दणकट ठेवायला सुरुवात केली, आणि १९७६ मध्ये एचडी-२८ या मॉडेलमधून कोरलेल्या पट्ट्या परत आणल्या. म्हणजे तुम्ही पाहिलेल्या शिसवीच्या दोन गिटार आतून वेगळ्या आहेत: १९७०च्या दशकातल्या डी-२८ला सरळ पट्ट्या आहेत, तर एचडी-२८ला कोरलेल्या. त्यामुळे तुम्हाला जाणवलेला फरक फक्त वयाचा किंवा लाकडाचा मानता येत नाही.

लाकडाविषयीही थोडे लिहितो, कारण तुम्ही ते नेमके विचारले आहे. डी-१८ची पाठ आणि बाजू महोगनीची असते, डी-२८ची शिसवीची. १९६९ पर्यंत डी-२८साठी ब्राझीलचे रोझवुड वापरत. ते मिळेनासे झाल्यावर मार्टिनने भारतीय रोझवुड घेतले. हे भारतीय रोझवुड म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातही वाढणारी, जुन्या वाड्यांतल्या झोपाळ्यांची आणि देव्हाऱ्यांची ओळखीची शिसवीच. शिसवी जड आणि घट्ट असते, तिच्या गिटारमध्ये मूळ स्वराभोवती उपस्वरांचे वलय अधिक असते आणि खर्ज खोल लागतो. महोगनी हलकी असते; तिचा स्वर कोरडा, सरळ आणि लवकर मोकळा होणारा असतो. यावरून रिदमला शिसवी आणि एकल वादनाला महोगनी असे एक सूत्र अनेक जण सांगतात. मला ते अर्धेच पटते. मी पाहिलेल्या कितीतरी डी-१८ गिटारांनी रिदममध्ये शिसवीच्या गिटारांना मागे टाकले आहे, कारण त्यांचा प्रत्येक खर्ज-स्वर बासच्या स्वरापासून वेगळा ओळखू येतो. पाठीपेक्षा वरच्या फळीचा परिणाम कितीतरी मोठा असतो. ती बहुतेक सिटका स्प्रूसची असते. महागड्या गिटारांत अ‍ॅडिरॉन्डॅक, म्हणजे पूर्व अमेरिकेतल्या डोंगरांतले लाल स्प्रूस, वापरतात. चांगल्या अ‍ॅडिरॉन्डॅक फळीचा गुण असा की हात जितका जड पडेल तितका आवाज वाढत जातो आणि स्वर लवकर फुटत नाही. हळुवार वाजवणाऱ्याला मात्र तीच फळी आखडल्यासारखी वाटू शकते.

म्हणूनच काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत आणि त्या मी येथून ठरवू शकत नाही. तुमचा हात जड आहे की हलका? जॅममध्ये चार जण असतात की पंधरा? तुम्ही बहुतेक वेळ गाण्याला साथ देता की प्रत्येक फेरीत एकल वादनही करता? सगळे एकाच मायक्रोफोनभोवती उभे राहत असतील, तर खर्ज जास्त असलेली गिटार मायक्रोफोनजवळ नेल्यावर घोंघावते आणि ध्वनी सांभाळणारा माणूस नेमका तोच भाग कापून टाकतो, ज्यासाठी आपण पैसे मोजलेले असतात. या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे काढल्याशिवाय तिन्हींपैकी एक निवडणे म्हणजे चप्पल दुसऱ्याच्या पायाच्या मापाने घेणे होय.

वादकाच्या हाताचा वाटा किती मोठा असतो, याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण टोनी राइस यांचे आहे. क्लॅरेन्स व्हाइट यांची १९३५ सालची डी-२८ राइस यांनी १९७५ मध्ये विकत घेतली आणि पुढे ती ब्लूग्रासमधली सर्वांत प्रसिद्ध गिटार झाली. तिचे ध्वनिछिद्र कोणीतरी मोठे करून ठेवलेले होते. छिद्र मोठे झाले की पोटातल्या हवेचा घुमारा वरच्या स्वराकडे सरकतो, खर्जाचा बोजडपणा उतरतो आणि मधल्या तारा पुढे येतात. राइस यांचा उजवा हात आश्चर्य वाटावे इतका हलका होता आणि तारा फार खाली ठेवलेल्या होत्या. त्यांच्यासारखे मोठ्या छिद्राचे मॉडेल घेऊन तारा तितक्याच खाली केल्या आणि वर घणाघाती रिदम वाजवला, तर तारा फ्रेटवर खडखडण्यापलीकडे काही हाती लागत नाही. असे निराश झालेले तीन-चार वादक माझ्याकडे गिटार घेऊन आलेले आहेत.

आता दुकानात प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. पहिली अट अशी की तुलना करायच्या गिटारांवर तारा नव्या आणि एकाच जाडीच्या असाव्यात. ब्लूग्राससाठी बहुतेक वादक मीडियम, म्हणजे ०.०१३ ते ०.०५६ इंचाचा संच लावतात. एका गिटारवर ताज्या तारा आणि दुसरीवर सहा महिन्यांच्या गंजलेल्या तारा असतील, तर तुम्ही गिटारांची नव्हे, तारांची तुलना करत असता. चार हजार डॉलरच्या खरेदीत तारांचे दोन संच स्वतःच्या खर्चाने बदलून मागायला संकोच वाटू देऊ नये; चांगला दुकानदार हे आनंदाने करून देतो. पिकही स्वतःचा न्यावा. जॅममध्ये तुम्ही ज्या जाडीचा पिक वापरता, तोच दुकानात वापरावा. माझा सव्वा मिलिमीटरहून थोडा जाड आहे.

पहिली पाच मिनिटे आवडीची चाल वाजवू नका, कारण आवडीची चाल कोणत्याही गिटारवर गोड लागते. त्याऐवजी जी रन घ्या. ती आधी अगदी हळू आवाजात वाजवा, मग बोलण्याच्या आवाजात, मग जॅममध्ये वाजवता तशी, आणि शेवटी त्याहूनही जोरात. प्रत्येक वेळी कान तिसऱ्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या तारांवर ठेवा. चांगल्या गिटारमध्ये जोर वाढवला की आवाज वाढतो आणि स्वराचा आकार तसाच राहतो. कमी कुवतीच्या गिटारमध्ये एका टप्प्यानंतर आवाज वाढणे थांबते आणि स्वर पसरट, चिरका होतो; खर्जाची तार तर फट्ट असा आवाज करून बसकण मारते. तो टप्पा कोठे येतो हे नेमके शोधा. जॅममध्ये तुमचा हात त्या टप्प्याच्या खालीच राहत असेल तर ती गिटार तुम्हाला पुरेल. रोज त्याच्या वर जात असेल तर पुरणार नाही, मग तिची शिसवी कितीही काळीभोर आणि देखणी असो.

त्यानंतर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून ठेवणारा चिमटा, लावा. ब्लूग्रासमध्ये गाणे गायकाच्या पट्टीत असते. मन्रोच्या परंपरेतली कितीतरी गाणी बी स्वरात गातात आणि ती आपण चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून जीच्या बोटांनी वाजवतो. उघड्या तारांवर राजस वाटणारी गिटार चौथ्या फ्रेटवर कॅपो लावताच आक्रसते, हा अनुभव मला अनेकदा आलेला आहे. दुसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून तोच जीचा आकार, तीच धाव वाजवा, आणि कॅपोमुळे सूर किती बिघडतो तेही पाहा. मग बारीक दोन तारांवर पाचव्या ते बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर सारख्या जोराने वाजवत जा. येथे स्वर पातळ तारेसारखा टोचणारा नसावा. त्याला थोडे अंग असावे. बऱ्याच ड्रेडनॉट गिटारांचे खालचे तीन स्वर भव्य आणि वरचे सगळे किरकोळ असतात. अशा गिटारवर एकल वादन केले की बँजोवाला आपला हात आवरून धरत असला तरी आपण ऐकू येत नाही.

यानंतरची परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि लोक तीच टाळतात. गिटार दुसऱ्याच्या हाती द्या आणि तुम्ही दहा-बारा फुटांवर जाऊन उभे राहा. वाजवणाऱ्याला जे ऐकू येते ते छिद्राच्या वरून, तिरके ऐकू येते. समोरच्याला काय पोहोचते ते वेगळेच असते. बरोबर कोणी नसेल तर भिंतीपासून दोन फुटांवर, भिंतीकडे तोंड करून वाजवा. परतून येणारा आवाज बऱ्यापैकी सांगून जातो. बँजो वाजवणारा मित्र बरोबर आला तर त्याहून चांगले. काही वर्षांपूर्वी मी एका मित्राला गिटार घेण्यासाठी मदत केली, तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत मी बँजोवर साधे रोल, म्हणजे एकामागून एक तारा छेडण्याची आवर्तने, वाजवत राहिलो आणि त्याने एकामागून एक चार गिटार घेऊन रिदम धरला. एकट्याने वाजवताना त्याने पहिला क्रमांक दिलेली गिटार बँजो सुरू होताच नाहीशी झाली. पिकचा टकटक आवाज तेवढा उरला. तिसऱ्या क्रमांकाची, थोडी रुक्ष वाटलेली महोगनीची गिटार मात्र माझ्या डाव्या कानाशी कोणी बोट आपटावे तशी स्पष्ट ऐकू येत होती. त्याने तीच घेतली.

आवाजाचे येथवर पुरे. आता शरीराकडे वळतो. तुमच्या तीनपैकी दोन गिटार वापरलेल्या आहेत आणि खरा तोटा तेथे होऊ शकतो. मीडियम तारांचा एकत्रित ताण ८० किलोंहून अधिक असतो. तो वर्षानुवर्षे मानेला पुढे ओढतो आणि वरची फळी ब्रिजमागे (ब्रिज म्हणजे फळीवर तारा अडकवतात ती लाकडी पट्टी) फुगवतो. परिणामी मानेचा कोन बदलतो, तारा वर उचलल्या जातात, आणि मालक सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती उभी पट्टी, घासून त्या खाली आणत राहतो. सॅडल घासण्यासारखे उरले नाही की मान काढून पुन्हा योग्य कोनात बसवावी लागते. या कामाला काही शे डॉलर आणि बहुधा काही आठवडे लागतात.

हे ओळखण्याची रीत सोपी आहे. एक लांब, सरळ धातूची पट्टी फ्रेटांवर मधोमध ठेवा आणि ती ब्रिजच्या दिशेने सरकवा. तिचे टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला घासून वर जात असेल तर कोन उत्तम आहे. टोक ब्रिजच्या पुढच्या भिंतीवर, वरच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खाली आपटत असेल तर मान बसवण्याची वेळ आलेली आहे. पट्टी जवळ नसेल तर सॅडल ब्रिजच्या वर किती आहे ते पाहा. तीन मिलिमीटर किंवा त्याहून थोडे अधिक असावे. त्याच वेळी बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची मोजा. ब्लूग्राससाठी जाड ई तारेखाली अडीच ते पावणेतीन आणि बारीक ई तारेखाली सुमारे दोन मिलिमीटर उंची मला योग्य वाटते. दोन्ही मापे एकत्र वाचावीत: सॅडल भरपूर असून तारा जास्त वर असतील तर दुरुस्ती किरकोळ आहे, आणि सॅडल संपलेले असून तारा तरीही वर असतील तर खर्च मोठा आहे.

हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलो. अमेरिकेतल्या माझ्या तिसऱ्या वर्षी एका दुकानातून मी १९७०च्या दशकातलीच एक डी-२८ घेतली. तारा बोटांना लोण्यासारख्या लागत होत्या, त्यामुळे मला वाटले की गिटार उत्तम राखलेली आहे. सॅडल जेमतेम नखाएवढे उरले होते आणि त्यावरून तारा इतक्या सपाट जात होत्या की त्यांचा फळीवर दाबच पडत नव्हता. आवाज दबलेला होता आणि मी त्याला जुन्या लाकडाचा मृदूपणा समजलो. पुढच्या हिवाळ्यानंतर तारा वर आल्या, तेव्हा सॅडल कमी करायला जागाच नव्हती. मान बसवण्याचा खर्च धरून ती गिटार मला चांगल्या स्थितीतल्या गिटारपेक्षा महाग पडली. गिटार दुरुस्त करायला मी शिकलो तो त्या वेळच्या चिडीतून.

१९७०च्या दशकातल्या मार्टिन गिटारांच्या काही खास गोष्टी तुम्हाला माहीत हव्यात. त्यांच्या मानेत जुळवता येणारी सळई नसते. ती मार्टिनने १९८५ पासून दिली. त्यामुळे मानेत जास्त बाक आलेला असेल तर एका चावीने तो काढता येत नाही, फ्रेट काढूनच काम करावे लागते. ब्रिजखालची आतली फळी त्या काळात रुंद आणि शिसवीची असे, जुन्या गिटारांत ती लहान आणि मेपलची असे. मोठी फळी वजन वाढवते आणि वरच्या फळीला थोडे जखडते. काही गिटारांत सॅडलची खाच किंचित चुकीच्या जागी कापलेली आढळते, त्यामुळे वरच्या फ्रेटांवर सूर लागत नाही. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि त्याच जागी तारेला हलका स्पर्श करून काढलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहिला की हे लगेच कळते. या सगळ्या दोषांवर इलाज आहेत आणि इलाज झालेली तशी गिटार फार सुंदरही वाजते. मात्र इलाज झाले आहेत की व्हायचे आहेत, यावर किंमत ठरली पाहिजे. वय हा स्वतःहून गुण नाही. सगळे जण ज्या जुन्या आवाजाविषयी बोलतात तो मुख्यतः १९३०च्या दशकातल्या हलक्या, कोरलेल्या पट्ट्यांच्या गिटारांचा आहे आणि तुमची गिटार त्या घडणीची नाही.

पोटाच्या आत पाहायला विसरू नका. तारा सैल करून फोन छिद्रातून आत धरा, दिवा चालू ठेवा आणि ब्रिजखालच्या भागाची चित्रफीत घ्या. तारांचे पितळी मणी फळीवर नीट टेकलेले दिसले पाहिजेत; त्यांनी फळी कुरतडून ते लाकडात रुतलेले दिसले तर तेथे दुरुस्ती लागेल. पट्ट्यांच्या टोकांशी काळी फट दिसते का, पूर्वी कोणी डिंक ओतून ठेवला आहे का, तेही याच चित्रफितीत कळते. मग बाहेरून ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहा. कागद आत जात असेल तर ब्रिज उचलला जात आहे. फळीवर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करत फिरा. सुटलेली पट्टी खुळखुळून स्वतःच सांगते. ब्रिजमागचा थोडा फुगवटा स्वाभाविक आहे, त्याला घाबरू नका. नीट दुरुस्त केलेली तडही मला चालते, उलट तिच्यामुळे किंमत उतरते आणि वाजवणाऱ्याचा फायदा होतो. फ्रेटांची टोके हाताला टोचत असतील तर गिटार कोरड्या हवेत राहिलेली आहे. अशा गिटारची फळी छिद्राजवळ खचली आहे का ते विशेष पाहा.

हवेचा मुद्दा निघालाच आहे, तर तुमच्या परसदारीही तोच आहे. नॉर्थ कॅरोलायनाचा उन्हाळा दमट असतो आणि हिवाळ्यात घरातली गरम हवा लाकूड सुकवते. पेटीत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवली तर यातला बहुतेक त्रास टळतो. पुढेमागे गिटार पुण्याला नेण्याचा विचार तुम्ही लिहिला आहे. तेथे पावसाळ्यात फळी फुगून तारा वर येतील, म्हणून थोडे उंच आणि थोडे कमी उंच अशी दोन सॅडल करून घ्या. कायद्याच्या बाजूने पाहता, भारतीय शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९च्या नोव्हेंबरपासून साइट्स या दुर्मिळ प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परवान्यातून सूट आहे. ब्राझीलच्या रोझवुडला ती नाही, त्यामुळे १९६९ किंवा त्याआधीची डी-२८ घेऊन विमानात बसण्याआधी कागदपत्रे करावी लागतात.

तुम्ही मार्टिनबाहेर पाहायला तयार असाल, तर ऑस्टिनच्या कॉलिंग्ज, कॅलिफोर्नियाच्या सांता क्रूझ, व्हर्जिनियातल्या स्टाँटनच्या हस अँड डाल्टन आणि मेनमधल्या बुर्ज्वा यांच्या वापरलेल्या ड्रेडनॉट कधीकधी तुमच्या रकमेच्या आसपास मिळतात. घडण फार काटेकोर असते, पण परीक्षा त्यांचीही हीच घ्यावी. त्या पाहताना नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीची, रुंदीही मोजा. पावणेदोन इंच आणि एक पूर्णांक अकरा सोळांश इंच यांतला फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण दोन तासांच्या रिदमनंतर डाव्या हाताच्या अंगठ्याला तो चांगला समजतो.

तुमच्या तीन गिटारांविषयी माझे मत विचारले आहे, तर ते स्पष्टपणे देतो. तुमच्या जॅममध्ये दहा-बारा जण असतील आणि तुम्ही एकल वादनही करत असाल असे धरले, तर मी डी-१८ पहिली धरीन. ती आज तुम्हाला कोरडी वाटली असेल, पण नवी फळी वर्ष-दोन वर्षे रोज जोरात वाजवल्यावर मोकळी होत जाते, असा माझा अनुभव आहे. शिवाय मार्टिनची आजीवन हमी फक्त मूळ खरेदीदाराला मिळते आणि तिन्हींत तो लाभ याच गिटारवर आहे. एचडी-२८ मी नाकारत नाही. बँजोशेजारी ती गढूळ झाली नाही आणि चौथ्या फ्रेटवर कॅपो लावूनही तिचे अंग टिकले, तर ती घ्या. तुमचे मन तिच्याकडे ओढले गेले आहे आणि ज्या गिटारकडे मन ओढ घेते ती आपण जास्त वाजवतो. १९७०च्या दशकातल्या डी-२८चा विचार मान नव्याने बसवल्याची पावती दुकानदाराने दाखवली किंवा तेवढी रक्कम किमतीतून कमी केली, तरच करा.

जाण्याआधी दुकानाला फोन करून दोन गोष्टी विचारा: तारा बदलून मिळतील का, आणि गिटार किती दिवसांत परत करता येते. परतीची मुदत शनिवार ओलांडणारी असेल, तर गुरुवारी किंवा शुक्रवारी घ्या, जॅमला न्या, आणि बँजोवाल्याच्या उजवीकडे उभे राहून दोन तास वाजवा. मधल्या सुट्टीत बासवाल्याला एवढेच विचारा की आज माझा खर्ज तुला वेगळा ऐकू आला का.